'मोठे डॉक्टर नाहीत काय?' : नागपुरातल्या एका पशुदवाखान्यात नवे डॉक्टर टिकत का नव्हते

पश्चिम नागपुरातला हा दवाखाना. मालक-डॉक्टर पन्नाशीतले, सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाचे विद्यार्थी, वीसेक वर्षांची प्रॅक्टिस. कुत्री-मांजरं हे मुख्य काम. बेसा किंवा कळमेश्वरकडून बोलावणं आलं तर गाईम्हशीही बघतात. पत्नी हिशेब आणि औषधखरेदी सांभाळतात. तीन अटेंडंट आहेत, त्यातला एक दवाखाना उघडल्या दिवसापासूनचा. सगळे त्याला दादा म्हणतात. ओपीडी सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ६ ते ९. मधल्या वेळेत उन्हाळ्यात रस्त्यावर माणूस दिसत नाही, तिथे कुत्र्याला घेऊन कोण येणार? रात्रीचा फोन मात्र चालू असतो.

चार वर्षांत इथे तीन नवे डॉक्टर आले आणि गेले. चौथीने राजीनाम्याचा मेसेज पाठवला तेव्हा मालकांनी मला बोलावलं. दवाखान्यांची व्यवस्था बसवून देणं हे माझं काम. त्यांच्या आणि संबंधित डॉक्टरांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे प्रकरण नागपुरात घडावं याचं मला विशेष वाटतं. या शहरात १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे. दरवर्षी इंटर्नशिप संपवून मुलंमुली बाहेर पडतात ती याच रस्त्यांवर. महाविद्यालयापासून गाडीने काही मिनिटांवर असलेल्या दवाखान्याला डॉक्टर मिळत होते, राहत नव्हते.

मालकांचं म्हणणं

पहिल्या भेटीत त्यांनी तीन कारणं सांगितली. आजकालच्या मुलांना कष्ट नकोत. सगळ्यांचा डोळा सरकारी नोकरीवर. आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या पेट हॉस्पिटलांशी पगारात बरोबरी करणं आपल्याला शक्य नाही. उपाय म्हणून त्यांनी बॉण्डही तयार करून घेतला होता: दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, आणि सोडल्यावर पाच किलोमीटरच्या आत दवाखाना टाकायचा नाही.

बॉण्डचं आधी सांगून टाकतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. नोकरी सोडून गेलेल्या डॉक्टरला 'इथे दवाखाना टाकू नकोस' असं बजावणारी अट न्यायालयात टिकत नाही. वकिलांनी त्यांना हेच सांगितलं. पण समजा टिकली असती, तरी काय मिळालं असतं? मनाविरुद्ध बसवलेला डॉक्टर रात्री दोन वाजता फोन उचलेल, पण उठून येणार नाही.

गेलेले तिघं

मी तिघांशीही बोललो. सोडून गेलेला माणूस खरं बोलतो, कारण त्याला आता काही मागायचं नसतं.

पहिली डॉक्टर पुण्याला एका मोठ्या हॉस्पिटलात गेली. खोलीभाडं वजा केलं तर तिच्या हातात फारसं जास्त उरत नाही. ती म्हणाली, "तिथे माझ्या नावाने अपॉइंटमेंट लागते. इथे सव्वा वर्ष होते, एकाही पेशंटच्या कागदावर माझं नाव नव्हतं."

दुसरा शल्यचिकित्सेत एमव्हीएससी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करायला गेला. वर्षभरात त्याने ऑपरेशनं भरपूर बघितली, पेशंट तयार केले, भूल दिली, टाके काढले. चाकू एकदाही हातात आला नाही. कधी सुरुवात केलीच, तर पाच मिनिटांत "सरक, मी करतो" असं ऐकू यायचं.

तिसऱ्याने महिन्याच्या मध्येच येणं बंद केलं होतं. मालक त्याला बेजबाबदार म्हणत होते. त्याच्याकडून जे कळलं ते वेगळं होतं. रात्री एक लॅब्राडोर आला, पोट ढोलासारखं फुगलेलं, उलटीचे उमाळे येताहेत पण बाहेर काही पडत नाही. जठराला पीळ पडल्याचं त्याने ओळखलं. पोटातला वायू काढला, सलाईन लावली. पण यात तासाभरात पोट उघडावं लागतं, आणि ते त्याने एकट्याने कधी केलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांचा फोन बंद. कुत्रा गेला. कुत्र्याच्या मालकाने त्याची कॉलर धरली. सकाळी दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "बिल घेतलं का?" तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

तिघांपैकी कोणीही पगाराचं नाव आधी घेतलं नाही. यावरून पगार महत्त्वाचा नाही असा निष्कर्ष काढणारे दवाखाना-मालक मी पाहिले आहेत, आणि तो निष्कर्ष फार सोयीचा असतो. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, एवढं करून आलेल्या माणसाला खोलीभाडं आणि जेवण भागवून घरी पैसे पाठवता येत नसतील, तर बाकी काही बोलण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही पगार आधी वाढवला आणि मग बाकीच्या विषयाला हात घातला.

मे २०२४ मधली रात्र

चौथी डॉक्टर भंडारा जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासराचा पाय सरळ करण्यात तिचा आत्मविश्वास होता. सोफ्यावर झोपणाऱ्या पर्शियन मांजरांबद्दल नव्हता. फेब्रुवारीत रुजू झाली. दोन दिवस बाजूला उभी राहून बघितलं, तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळची ओपीडी.

मेमध्ये एका संध्याकाळी एक पग आला. कुटुंब गाडीने बाहेरगावाहून परतलं होतं, वाटेत गाडीचा एसी बंद पडला. कुत्रा आडवा, जीभ जांभळट, घरघर चाललेली. गुदद्वारातलं तापमान १०८ अंश फॅरनहाइट. चपट्या नाकाच्या जाती धापा टाकून अंग नीट थंड करू शकत नाहीत, आणि नागपूरचा मे त्यांना क्षमा करत नाही. मोठे डॉक्टर लग्नासाठी अमरावतीला होते.

तिने केस पेपरवर वेळ घालून सगळं लिहिलं होतं, म्हणून मला ते वाचता आलं. अंग साध्या पाण्याने भिजवलं, पंखा लावला. घरच्यांनी आणलेला बर्फ बाजूला ठेवला, कारण फार गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच राहू शकते. ऑक्सिजन, शिरेतून सलाईन, रक्तातली साखर तपासली. १०३.५ वर आल्यावर भिजवणं थांबवलं, नाहीतर तापमान खाली घसरतच जातं. तासाभरात पग मान उचलून बघू लागला. तिने घरच्यांना सांगितलं की धोका टळलेला नाही, पुढचे दोन दिवस अवघड आहेत. हेही कागदावर आहे, खाली घरच्यांची सही आहे.

मध्यरात्रीनंतर रक्ताची हगवण सुरू झाली, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उमटले. तीव्र उष्माघातात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते, आणि ते एकदा सुरू झालं की मोठ्या सोयी असलेल्या ठिकाणीही बरेच पेशंट हातचे जातात. पहाटेपूर्वी पग गेला.

घरच्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "शिकाऊ पोरीच्या हातात दिलं तुम्ही आमचं लेकरू." त्यावर ते म्हणाले, "मी असतो तर बघितलं असतं." स्पीकर चालू होता. ती तिथेच उभी होती.

केस पेपर त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी वाचला, माझ्यासमोर. वाचून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी असतो तरी हेच केलं असतं." मी म्हटलं, हे तिला सांगा, आणि त्या कुटुंबालाही सांगा. त्यांनी दोन्ही केलं. कुटुंबाचा फोन सोपा गेला नसणार, ते लोक त्यांचे जुने क्लायंट होते. माझ्या मते या प्रकरणातली निर्णायक घटना तीच. पुढे आम्ही जे तक्ते आणि नियम केले ते त्या फोनशिवाय कागदावरच राहिले असते. तिने राजीनामा मागे घेतला नाही, "दोन महिने थांबवून ठेवते" म्हणाली.

पहिला आठवडा पुन्हा

आम्ही तिला नव्याने रुजू झाल्यासारखं धरलं. सुरुवात रेबीजच्या लशीपासून. कुत्र्याच्या तोंडात हात घालणाऱ्या प्रत्येकाने चावा बसण्याआधीच लस घ्यायला हवी: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी, मग २१व्या किंवा २८व्या. शहरातल्या कित्येक दवाखान्यांत अटेंडंटने ती घेतलेली नसते. इथेही तिघांपैकी दोघांनी घेतली नव्हती. सगळ्यांना दिली, खर्च दवाखान्याचा. हा माणसांबद्दलच्या आस्थेचा सगळ्यात सोपा पुरावा आहे आणि तो पहिल्याच दिवशी देता येतो.

मग भिंतीवर एक कागद. याआधी मालकांच्या पत्नीने इंटरनेटवरून उतरवून घेतलेली जाडजूड फाइल होती. ती कोणी उघडत नव्हतं. आता एकच पान: रात्री घाईत चूक होईल अशा औषधांचे किलोमागे डोस, आपल्याच कपाटातल्या बाटलीच्या तीव्रतेनुसार किती मिली ते लिहिलेलं. गोचिडांमुळे होणाऱ्या बॅबेसियासाठी डिमिनाझीन देताना वजन काट्यावरच घ्यायचं, अंदाजाने जास्त गेलं तर मेंदूला इजा होते. मांजराला पॅरासिटामॉल नाही. कुत्र्यांचं गोचीड मारायचं परमेथ्रिन मांजरावर नाही. हे सगळं कॉलेजात शिकवलेलं असतंच. पण रात्री अकराला, समोर रडणारी बाई आणि ओचकारणारं मांजर असताना, भिंतीवरचा कागद आधार देतो.

तिसरी गोष्ट इंटर्नची. पूर्वी गर्दीच्या संध्याकाळी एखाद्या इंटर्नला एकट्याने बसवलं जायचं. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्यकालाच व्यवसाय करता येतो. नोंदणी हातात नसलेल्या मुलावर ती जबाबदारी टाकणं बेकायदा आणि त्या मुलावर अन्याय करणारं. ते त्याच आठवड्यात बंद झालं.

कोणतं काम कधी हातात द्यायचं

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सने २०२१ पासून नव्या पदवीधरांसाठी एक कार्यक्रम ठेवला आहे. त्यात प्रत्येक नव्या डॉक्टरला त्याच दवाखान्यातला एक प्रशिक्षित मार्गदर्शक असतो, आणि आठवड्याला तासभर वेळ त्याने द्यायचा असतो. आपल्याकडे इंटर्नशिप संपून राज्य परिषदेची नोंदणी झाली की कायद्याने डॉक्टर पूर्ण. पुढचं शिकणं ज्याच्या त्याच्या नशिबावर.

आम्ही त्यातला तास उचलला. गुरुवारी दुपारी २ ते ३, ओपीडी बंद असते तेव्हा. त्या तासात फोन अटेंडंटकडे. मालकांना वाटलं होतं की हा तास शिकवण्याचा असेल. तसं नाही, हे दोन बैठकांनंतर त्यांच्या लक्षात आलं. ती आठवड्यातल्या तीन केस निवडायची: एक जमलेली, एक अडलेली, एक जिच्यामुळे झोप लागली नाही. बोलायचं आधी तिने. पहिल्या महिन्यात तिसऱ्या प्रकारच्या केस तिने आणल्याच नाहीत. दुसऱ्या महिन्यात आणल्या. त्यातल्या एका केसवर बोलताना मालकांनी आपला वीस वर्षांपूर्वीचा एक पेशंट आठवून सांगितला, जो त्यांनी घरी पत्नीलाही सांगितला नव्हता.

कामांचा एक तक्ता केला. प्रत्येक कामापुढे चार पायऱ्या: बघते, मालक खोलीत असताना करते, मालक फोनवर असताना करते, एकटी करते. पुढच्या पायरीवर जायचं ते दोघांच्या संमतीने. लसीकरण, गोचीड ताप, कानाचे आजार, पार्वोची (विषाणूजन्य हगवणीची) पिल्लं यांत ती झपाट्याने शेवटच्या पायरीवर पोचली. लघवी तुंबलेला बोका, पायोमेट्रा (गर्भाशयात पू होणं), अडलेली कुत्री ही कामं बरेच महिने दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर राहिली, आणि ते योग्यच होतं. तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात पोटॅशियम चढलेलं असतं, भूल देताना हृदय थांबू शकतं. तिथे घाईने विश्वास टाकणं म्हणजे तिला पुन्हा त्या मेच्या रात्री उभं करणं.

नसबंदीचं ऑपरेशन मला जवळून बघायला मिळालं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

मालकांनी पेशंट विचारपूर्वक निवडला: वर्षाची, सडसडीत गावठी कुत्री, एका प्राणिप्रेमी ताईंनी आणलेली. लठ्ठ कुत्रीत चरबीमुळे काहीच दिसत नाही, माजावर असलेल्या कुत्रीत रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. नव्या हातांसाठी दोन्ही वाईट. वेळ सकाळची ठेवली, पुढची अपॉइंटमेंट रिकामी. त्यांनी स्वतः हात धुऊन गाऊन-ग्लोव्ह्ज घातले आणि सहायकाच्या बाजूला उभे राहिले.

डावं अंडाशय तिने बरं काढलं. उजवं डाव्यापेक्षा पुढे आणि खोल असतं. त्याला धरून ठेवणारा बंध ताणून सैल केल्याशिवाय ते जखमेपर्यंत येत नाही, आणि जोर जास्त झाला तर रक्तवाहिनी फाटते. तिचा हात तिथे अडला. एक मिनिट, दोन मिनिटं. घामाचे थेंब कपाळावर. मालकांचा हात पुढे आला, टेबलाच्या कडेशी थांबला आणि त्यांनी तो मागे घेतला. मग फक्त म्हणाले, "बोट बरगडीकडे ने. ताण दे, ओढू नकोस. सैल होताना तुला कळेल." तिला कळलं. अंडाशय वर आलं. तिने देठाला गाठ मारली आणि विचारलं, "सर, घट्ट आहे ना?" ते म्हणाले, "तू सांग." तिने दुसरी गाठ मारली, चिमटा हळूच सैल करून बघितलं, रक्त नाही.

मालकांना जे ऑपरेशन वीस मिनिटांत उरकतं, त्याला दीड तासाच्या आसपास वेळ लागला. त्या सकाळी दवाखान्याची कमाई बुडाली, दोन क्लायंट वाट बघून गेले. दुसरा डॉक्टर ज्या कारणासाठी निघून गेला होता ते कारण त्या सकाळी त्या टेबलावर संपलं.

दादाचं वाक्य

हात तयार होणं एक, आणि लोकांनी तो हात स्वीकारणं दुसरं. नागपूरकर क्लायंट मायाळू आहे, पण सरळ विचारतो: "मोठे डॉक्टर नाहीत काय?" आणि दारातच दादा सांगायचा, "येऊन राहिले, बसा दोन मिनिटं." दादाच्या मनात काही वाईट नव्हतं. वीस वर्षं तो हेच सांगत आला होता. पण त्या एका वाक्याने दिवसाला दहा वेळा तिच्या खुर्चीखालची जमीन काढून घेतली जात होती.

दादाशी बोलायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याला वाटत होतं की नवी डॉक्टर बसली की मोठ्या डॉक्टरांचं महत्त्व कमी होईल, आणि त्यांच्याबरोबर त्याचंही. मालक स्वतः त्याच्याशी बोलले. त्याला एक जबाबदारी दिली: नव्या डॉक्टरला कोणतं कुत्रं चावरं, कोणत्या काकू औषध मध्येच सोडतात, कोणत्या घरी बोका घरातल्या एकाच माणसाच्या हातात शांत राहतो, हे सगळं सांगायचं. एवढी माहिती कुठल्याही केस पेपरवर नसते. मग त्याचं वाक्य बदललं: "आज मॅडम आहेत. मागच्या आठवड्यात त्या सोसायटीतल्या लॅब्राडोरला त्यांनीच बरं केलं."

मालकांनी आपल्या बाजूने दोन गोष्टी पाळल्या. जुना क्लायंट आला की त्याच्यासमोर म्हणायचं, "याची केस आजपासून मॅडम बघतील," आणि टेबलापासून खरोखर बाजूला व्हायचं, शेजारच्या खोलीत जायचं. दुसरं, ज्याने पेशंट पहिल्यांदा बघितला त्यानेच पुढच्या भेटी बघायच्या. केस पेपरवर बघणाऱ्या डॉक्टरचं नाव छापलं जाऊ लागलं. मतभेद असेल तर खोलीत, दार लावून. क्लायंटसमोर तिचं औषध बदलायचं नाही, जीवावर बेतत असेल तेवढं सोडून.

याची किंमत मोजावी लागली. काही जुने क्लायंट दुसऱ्या दवाखान्यात गेले. दोन-तीन महिने गल्ला कमी भरला आणि मालकांच्या पत्नीने मला स्पष्ट विचारलं, "हे असंच चालायचं का?" मला त्यांचा प्रश्न रास्त वाटला. दवाखान्याचं कर्ज फिटायचं होतं. आम्ही आकडे मांडून बसलो आणि ठरवलं की दिवाळीपर्यंत वाट बघायची. दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेल्या, पळून जाऊन जखमी झालेल्या कुत्र्यांची रांग लागते. त्या आठवड्यात दोन टेबलं एकाच वेळी चालली आणि तो प्रश्न पुन्हा निघाला नाही.

रात्रीचा नियम साधा ठेवला. पोट फुगलेलं कुत्रं, श्वास लागलेला कुठलाही प्राणी, तुंबलेला बोका, पायोमेट्रा, अडलेलं बाळंतपण: यात तिने फोन करायचाच, आणि मालकांनी 'का' न विचारता यायचंच. ते गावाबाहेर असतील तर धरमपेठेतले त्यांचे एक स्नेही डॉक्टर यायचे, बदल्यात हे त्यांच्या रात्री सांभाळायचे. मधल्या काळात क्लायंटकडे तिचा खासगी नंबर जायचा नाही, फक्त दवाखान्याचा. रात्री काम झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळची ओपीडी नाही. आणि रात्री घरी सोडायला दादा किंवा मालक स्वतः.

कमिशनचा विषयही निघाला होता, बिलाच्या टक्केवारीवर पगार. मी त्याला ठाम विरोध केला. नव्या डॉक्टरने पहिल्या वर्षी 'हा एक्स-रे गरजेचा आहे का?' एवढाच विचार करायला शिकावं. त्यात स्वतःच्या खिशाचा विचार मिसळला की शिकणंच बिघडतं. ठरलेला पगार, सहा महिन्यांनी ठरलेली वाढ, आठवड्याची पूर्ण सुट्टी, एवढंच लेखी दिलं.

जाहिरात निघाली तेव्हा

एप्रिल २०२५ मध्ये एमपीएससीने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या, म्हणजे सरकारी पशुवैद्यकांच्या, २,७९५ पदांची जाहिरात काढली. पशुवैद्यकांमध्ये इतकी मोठी बातमी बऱ्याच वर्षांत नव्हती. मालकांचा फोन आला, "आता संपलं." मी एवढंच विचारलं, तिला तुम्ही विचारलंत का? विचारलं नव्हतं. घराघरांत ज्या नोकरीकडे आयुष्याची स्थिरता म्हणून बघितलं जातं, तिच्याबद्दल दवाखान्यात बोलणं म्हणजे गद्दारी, असं वातावरण असलं की मुलं चोरून अभ्यास करतात आणि एक दिवस निघून जातात.

त्यांनी गुरुवारच्या तासात विषय काढला. ती फॉर्म भरणार होती, वडिलांची इच्छा होती. मालकांनी अभ्यासासाठी सुट्टी दिली आणि एकच मागणी केली: निवड झाली तर निघण्याआधी दोन महिने द्यायचे, त्या काळात नव्या डॉक्टरला घडवायचं. याच सुमाराला आलेला आणखी एक नवा डॉक्टर, अमरावती जिल्ह्यातला मुलगा, त्यालाही पहिल्याच दिवशी हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. तो काही महिन्यांनी एमव्हीएससीसाठी गेलाच. पण दीड महिना आधी सांगून गेला, त्याच्या चालू पेशंटांच्या केस नीट सोपवून गेला, आणि आता सुट्टीत नागपूरला आला की दवाखान्यात चक्कर मारतो. गेलेला प्रत्येक डॉक्टर हा तोटा धरण्याचं कारण नाही. सरकारी दवाखान्यात गावागावांतली जनावरं बघणारे पशुवैद्यक लागतातच, आणि तिथे जाणारा मुलगा खासगी दवाखान्यात हात तयार करून गेला तर त्यात त्या गावांचं भलं आहे. प्रश्न एवढाच की तो कसा जातो, आणि जाण्याआधी त्याला काय मिळालेलं असतं.

चौथी डॉक्टर आज तिथेच आहे. राजीनाम्याबद्दल तिच्याशी नंतर कोणी बोललं नाही, तीही बोलली नाही. पायोमेट्राची ऑपरेशनं आता तक्त्यात शेवटच्या पायरीवर आहेत. गुरुवारचा तास सध्या नव्याने आलेल्या डॉक्टर मुलीसाठी असतो आणि तो घेते ही चौथीच. मालक अधूनमधून येऊन बसतात.

अडलेला विषय भागीदारीचा. तिला पगारी डॉक्टर म्हणून पुढची पाच वर्षं राहायचं नाही हे तिने सांगितलं आहे, आणि मालकांना ते पटलं आहे. कच्चा मसुदा माझ्याकडे आहे. दोन मुद्द्यांवर एकमत नाही: वीस वर्षांत जमलेल्या क्लायंटांची किंमत हिशेबात धरायची की फक्त यंत्रं आणि जागेची, आणि तिची परीक्षेतून निवड झाली तर हिस्सा परत कोणत्या भावाने घ्यायचा. दुसऱ्या मुद्द्यावर मी तिच्या बाजूचा आहे आणि मालकांना ते सांगितलं आहे. बोलणी चालू आहेत.